कुंपणाची आतली बाजू

१

दिवाळी सरली की झाडीतल्या घरोघरी सांदवाडीची कामं निघतात. सांदवाडी म्हणजे घरामागची भाजीची बाग. पावसाळ्यातले दोडक्या-काकडीचे वेल वाळून मांडवावर लोंबत असतात, ते ओढून काढायचे. बियाण्यासाठी राखलेले दोडके आढ्याला टांगायचे. कोचईचे, म्हणजे अळूचे, कंद खणायचे, रिकाम्या जागेत शेणखत घालून लसूण लावायचा, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मुळा पेरायचा. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे कुंपण. धान बांधीत, म्हणजे भातशेतात, उभा असतो तोवर गुरं आणि रानडुकरं तिकडंच असतात. धान कापून पुंजणे रचले की हिरवं म्हणून त्यांना सांदवाडीच दिसते. त्याआधी कुंपण झालं पाहिजे.

गोवर्धन त्या कार्तिकात गावी आला तो कुंपण बांधायला नव्हे. तो आईला न्यायला आला होता.

गोंदियाची शाळा त्याने मॅट्रिकच्या तोंडावर सोडली होती. मास्तर भर वर्गात म्हणाला की नांगऱ्याच्या पोराला एवढी अक्कल पुरे. गोवर्धनने पुस्तकं मास्तरच्याच टेबलावर आपटली आणि चालता झाला. मग धानाच्या मिलीत कामाला लागला. लढाईचे दिवस होते, मिलींना माणसं हवी होती. रुळांजवळ एक खोली मिळाली, तिच्यात चूल मांडता येत होती. एवढं जमल्यावर त्याने ठरवलं की आई, रुख्मा, आता मोठ्या बापाच्या घरी राहणार नाही.

मोठा बाप म्हणजे शालीकराम, गोवर्धनच्या वडिलांचा थोरला भाऊ. वडील हैज्यानं गेले तेव्हा गोवर्धन रांगत होता. तेव्हापासून रुख्मा ह्या घरात सगळ्यांच्या आधी उठत होती आणि सगळ्यांच्या नंतर जेवत होती. आणि गावात नाव कोणाचं? शालीकरामचं. विधवा भावसुनेला पोसणारा देवमाणूस. हे ऐकलं की गोवर्धनला थुंकावंसं वाटे.

"नेजो ना," शालीकराम अंगणातल्या खाटेवरून म्हणाला. "कोणी धरून ठेवली काय? पण कुंपण झाल्याबिगर ते कशी जाईल? माहा खांदा पाहा, हात वर होत नाई. यंदा बाहेरच्या बाजूनं तूच लाग."

"अन् एखादा गडी पाहा ना."

"घरचं कुंपण घरच्यानंच बांधा लागते. शाळेत शिकवलं नाई काय, मॅट्रिकवाले?"

मोठी माय जमुनाबाई दारात बसून सुपात धान पाखडत होती. ती हसली. "अर्धाच मॅट्रिक हाये तो. अर्धं कुंपण बांधून पळून जाईल."

सोमवारी मिलीत हजर व्हायचं होतं. गोवर्धनने विळा उचलला.

२

हे कुंपण एकट्याने बांधता येत नाही. मध्ये बोरीच्या काट्या आणि सिंदीच्या फांद्या दाबून भरायच्या, बाहेरून एक आडवा बांबू, आतून एक. एक माणूस बाहेर, एक आत. पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेली दोरी, तिला वाक म्हणतात, ती बांबूच्या लांब सुईत ओवून बाहेरच्याने आरपार घुसवायची. आतल्याने ओढून घ्यायची, आतल्या बांबूखालून वळवायची, सुई परत पाठवायची. बाहेरच्याने ताणून गाठ मारायची. मग पुढची जागा. कुंपण इतकं दाट, की दोघं एकमेकांना दिसत नाहीत. दिसते ती जाणारी-येणारी सुई.

दरवर्षी बाहेर शालीकराम असे आणि आत रुख्मा. म्हणजे भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भावसून, धाकट्या भावाची बायको. भावसुनेनं भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. भासऱ्यानेही तिच्याकडं पाहायचं नाही. एका छपराखाली इतकी वर्षं काढून शालीकरामने रुख्माचा चेहरा धड पाहिला नव्हता, आणि ह्याचा त्याला कोण अभिमान. त्यामुळे कुंपणाचं काम मुक्यानं चाले. चारी बाजू होत आल्या की अंगणाकडच्या कोपऱ्यात माणूस निघेल एवढी फट उरे. आतलं माणूस तिथून बाहेर यायचं असे, म्हणून शालीकराम तिथवर पोचला की पाठ फिरवून घराकडं चालू लागे. नंतर फटीला बांबूच्या विणीचा झाप लागलेला दिसे. दार म्हणून तो झापच.

गोवर्धन काही भासरा नव्हता. तो आईशी बोलू शकत होता, आणि पहिल्या दिवशी तो बोलतच होता.

"माय, खोलीजवळून गाडी गेली का भांडे आपोआप वाजतात."

"मंग घासाबी लागत नसन," आतून रुख्माचा आवाज आला, आणि सुई आली.

"हसू नोको. दोन भांडे हायेत. एक तुह्यासाठी घेतलं."

"अन् मी गेल्यावर कोचई कोण खणन?"

"मोठी माय खणन. हात झडले काय तिचे?"

आतून हसू ऐकू आलं. उन्हं उतरेपर्यंत एक अख्खी बाजू झाली; बोडीकडची, म्हणजे तळ्याकडची, बाजू अजून उघडी होती. शालीकराम काठी टेकत येऊन बघून गेला. चांगलं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही, म्हणजे चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर पुन्हा काम सुरू झालं. गोवर्धन मिलीतल्या मुकादमाची नक्कल करत होता. आतून हसू आलं नाही. सुई आली. त्याने विचारलं, जेवण झालं काय. सुई आली. त्याला वाटलं, आईच्या मनाला काही लागलं. गाव सोडणं सोपं नसतं, कितीही नरक असला तरी.

"माय, बोलाचं नसन तं नोको बोलू. पण तू येणार हायेस, एवढं मी सांगून ठेवतो."

सुई आली. त्याने वाक ताणली, गाठ मारली, पुढची सुई घुसवली. ती आतून ओढली गेली, नेहमीसारखीच, ना घाईने ना हळू.

"कोणासंगं बडबडून राहिला रे?"

आवाज मागून आला. बोडीच्या पायवाटेवरून रुख्मा येत होती. डोक्यावर भरलेला हंडा, अंगावर सांडलेलं पाणी, पदर ओला. ती त्याच्याच बाजूला होती. कुंपणाच्या बाहेर.

गोवर्धनच्या हातात वाकचं एक टोक होतं. दुसऱ्या टोकाला हलकासा हिसका बसला. कोणी थांबून राहावं आणि म्हणावं, हं, आटप, तसा.

३

रुख्माने त्याच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं, आणि हंडा घेऊन घराकडं गेली.

गोवर्धनने स्वतःला समजावलं. ओला बांबू वाळताना ताणतो, दोरी ओढल्यासारखी वाटते. बरं, ओढल्यासारखी वाटेल, पण वळून परत कशी येईल? मोठी माय आत असेल, गंमत करत असेल. पण अंगणातून जमुनाबाईच्या सुपाचा आवाज एकसारखा येत होता, आणि गंमत ही गोष्ट त्या बाईने जन्मात केली नव्हती. मग एखादा वानर? ह्या विचाराचं त्याला स्वतःलाच हसू आलं. वानर गाठी मारत नाहीत, आणि मारल्या तर इतक्या सारख्या मारत नाहीत.

त्याने वाक सोडली आणि बोडीकडच्या उघड्या बाजूने धावत आत गेला.

सांदवाडीत कोणी नव्हतं. मांडवावर वालाला जांभळी फुलं आली होती. खणलेल्या कोचईच्या खड्ड्यांत ऊन पडलं होतं. कुंपणाला लागून आतून लसणाचा वाफा होता, रुख्माने सकाळीच शिंपलेला, लोण्यासारखा मऊ. आतून बांधणाऱ्याला त्या वाफ्यात उभं राहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गोवर्धन वाकून पाहू लागला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाफ्यावर एक पाऊल नव्हतं. लसणाचे कोंब नुकते माती फोडत होते, त्यातला एकही मोडला नव्हता.

सुई आतल्या बांबूवर आडवी ठेवलेली होती. वाक बांबूखालून वळवून, सुईत ओवून, तयार. काम सोडून उठावं लागलं तर घरची बाई जशी सुई-दोरा नीट टोचून ठेवते, तशी.

त्याने आतल्या गाठी पाहिल्या. बाहेरच्या त्याच्या गाठी ओबडधोबड होत्या. आतली प्रत्येक दोरी सरळ बसलेली, प्रत्येक उरलेलं टोक खाली दुमडून खोचलेलं. असं टोक खोचायचं कोणी सांगितलेलं नसतं. ज्याला कामाची आवड असते तोच खोचतो.

जेवताना रुख्मा भात वाढत होती. गोवर्धनचे तळवे वाकने कापून लाल झाले होते, मिठाचा हात लागला की झोंबत होते. त्याने आईच्या तळव्यांकडं पाहिलं. शेणाचा, चुलीचा, मातीचा हात, पण वाकचा एकही काप त्यावर नव्हता. ह्या वर्षीचा नाही, मागच्याही वर्षीचा नाही.

"मोठी माय," तो म्हणाला, "कुंपणाच्या आत—"

"जेवताना कुंपणाचं बोलू नोको," जमुनाबाई म्हणाली. ती बोटातला घास पुन्हा ताटात ठेवून उठून गेली.

४

"मोठेबाबा, आत कोण असते?"

शालीकराम खाटेवर उताणा पडून आढ्याकडं पाहत होता. "तुही माय."

"तुमी पाहिलं?"

शालीकरामने त्याच्याकडं असं पाहिलं, जशी काही त्याने शिवी दिली होती. "भासऱ्यानं भावसुनेले पाहाचं असते काय?"

"आवाज तं ऐकला असन."

"बोलाचं असते काय?"

"मंग कशावरून तेच होती?"

"कुंपण होते ना दरवरसी!" शालीकराम ओरडला. "आपल्यासारखं कुंपण पंचक्रोशीत नाई. बंडीवाला टिकाराम लोकाईले घेऊन येते दाखवाले. आत आणखी कोण राहील?"

गोवर्धन तिथंच उभा राहिला. त्याला राग आला होता, पण नेहमीचा नाही. नेहमीचा राग उकळून वर येई, हा खाली जात होता. हा माणूस एवढी वर्षं आपल्या न पाहण्याची फुशारकी मारत होता. वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली रीत, म्हणे. ज्या जागेकडं पाहायचं नाही आणि जिच्याबद्दल विचारायचं नाही अशी एक जागा ह्यांनी घरातच करून ठेवली होती, तिला मर्यादा असं गोंडस नाव दिलं होतं, आणि तिथं येऊन कोण बसलं ह्याची चौकशी करायची कोणाची टाप नव्हती. बाई आत असली काय, नसली काय, मेली काय. सुई परत आली म्हणजे झालं.

तो वळला तसा शालीकराम हळू आवाजात म्हणाला, "गोवऱ्या."

"काय?"

"आतून ओढलं का सोडत जाय. धरून ठेवू नोको." त्याचा चांगला हात दुखऱ्या खांद्यावर गेला. "मांगच्या वरसी मी धरून ठेवली होती. पाहू म्हटलं."

"काय पाहिलं मंग?"

शालीकरामने कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. 

५

रुख्मा बोडीच्या काठावर बसून कोचईची माती धूत होती. गोवर्धन तिच्याजवळ दगडावर बसला. पाण्यावर कमळाची पानं पिवळी पडू लागली होती. थंडीची चाहूल असणारं ऊन होतं.

"माय, आत कोण हाये?"

ती दचकली नाही. दचकली असती तर बरं झालं असतं.

"किती वरसानं कोणी पुसलं," ती म्हणाली. हातातला कंद तिने पाण्यात बुचकळला. "तुहा बाप गेला, त्याच्या पुढचं साल. मी आत होती. पोटात अन्न नाई, ऊन लागलं, घेरी आली. जांबाच्या झाडाखाली पडली. किती वेळ पडली देव जाणे. उठली तं कुंपण झालं होतं, अन् भासरे घरी जाऊन जेवले होते. पुरं कुंपण, गोवर्धन. माह्याबिगर."

"अन् तू कोणाले सांगितलं नाई?"

"कोणाले सांगू? भासऱ्यासंगं बोलता येते काय? जमुनाबाईले सांगतलं, तं ते म्हणे तोंड बंद ठेव, घराचं नाव जाईल." रुख्मा हसली. "दुसऱ्या वरसी मी आत जाऊन बसली, मुद्दाम दूर. सुई आली. मी उठली नाई. तरी परत गेली. तवापासून मी नुसती बसतो. कधी भाजी निवडतो. कधी झोपतो. ह्या घरात दिवसा झोपाले भेटते ते तेवढेच दिवस."

गोवर्धनच्या मनात सकाळपासून एक विचार घोळत होता. तो मानला तर सगळं सोपं होत होतं, सहन होण्यासारखं होत होतं. "माय, बाबा असतील काय?"

आता मात्र ती मोठ्याने हसली. काठावरची बगळी उडाली. "तुहा बाप? त्यानं जिता असताना कधी माह्यासंगं कुंपण बांधलं काय? बाहेरून शिव्या देत जाय, अन् मीच आत अन् मीच बाहेर धावत जाओ. मेल्यावर सुधरला असन काय तो?"

"मंग कोण?"

"मले काय मालूम. मी नाई पुसलं."

"तू पण?" गोवर्धन उठून उभा राहिला. "सारे सारखेच तुमी लोक! एक पाहात नाई, एक बोलत नाई, एक पुसत नाई!"

"बस खाली," रुख्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पुसलं असतं, अन् त्यानं सांगितलं असतं, का मी तुह्या घरातला अमका हाये, तमका हाये. मंग? मंग मले त्याच्यापासूनबी पदर घ्या लागला असता."

गोवर्धन पुन्हा दगडावर बसला.

"ह्या घरात मी हात पुढं केला का कोणीतरी त्याच्यावर काम ठेवते," रुख्मा कंद धूत राहिली. "ते एकटंच असं हाये, का जे काम घेते, अन् पुरं करून परत देते. माणूस हाये का काय हाये, मले नाई मालूम. पण मले त्याचं भेव नाई वाटत, बापू. भेव तुह्या मोठ्या बापाचं वाटते."

"उद्या चाल माह्यासंगं. कुंपण गेलं खड्ड्यात."

"अर्धं सोडून मी येणार नाई."

"काऊन?"

"आतलं माणूस बाहेर आल्याबिगर कुंपण बंद करत नसतात," ती म्हणाली, जणू हे त्याला कोणीतरी आधीच शिकवायला हवं होतं. "मी तं दरवरसी बाहेर येतो. आत ते हाये. दरवरसी भासरे पाठ फिरवून निंघून जात, मी येऊन झाप लावो. ते आतच राहे. मी गेल्यावर त्याले बाहेर याची वाट कोण देईल? जमुनाबाई?"

"अन् मी नाई म्हटलं तं?"

"तं तू जा. मी अडवत नाई तुले. मी राहीन."

तिने कोचईची टोपली कमरेवर घेतली. ती खरंच राहील हे त्याला तिच्या चालीवरून कळलं. गोंदियाची खोली, ते दुसरं भांडं, सगळं ह्या कोपऱ्यातल्या एका फटीवर येऊन थांबलं होतं.

६

उरलेलं कुंपण त्याने गप्प राहून बांधलं. आतूनही कोणी बोललं नाही. सुई गेली, सुई आली. मोठ्या बापाने सांगितल्याप्रमाणे ओढलं की तो सोडत गेला, आणि ते मान्य करताना त्याला स्वतःची लाज वाटली. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. त्याचे हात थकले की आतली सुई थोडी उशिरा येई. त्याला दम घेऊ देत असल्यासारखी. एवढा समजूतदारपणा त्याला मिलीत कोणी दाखवला नव्हता, शाळेत नाही आणि ह्या घरात तर नाहीच. हे जाणवलं आणि त्याच्या मानेवर काटा आला, कारण क्षणभर त्याला ते आवडलं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी टिकारामची बंडी रस्त्यावर येऊन उभी राहिली. रुख्माचं गाठोडं त्यात ठेवून झालं होतं. अंगणातल्या खाटेवर शालीकराम भिंतीकडं तोंड करून पडला होता. जमुनाबाईने आतून दाराला कडी लावली, ती लागल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येकाला आपली पाठ कधी फिरवायची हे बरोबर ठाऊक होतं.

रुख्मा येऊन गोवर्धनच्या शेजारी, बाहेर, उभी राहिली. डोईवर पदर.

शेवटची सुई त्याने घुसवली. ती ओढली गेली. परत आली. त्याने गाठ मारली. कोपऱ्यात आता माणूस तिरपं होऊन निघेल एवढी फट होती. त्यातून सांदवाडीचा एक पट्टा दिसत होता. वालाचा मांडव, एक वाळका वेल, लसणाचा वाफा. ऊन सगळीकडं सारखं होतं. घाबरायला अंधार तरी लागतो, असं त्याला वाटत आलं होतं. तसं काही नसतं.

आत दोडक्याची वाळकी पानं वाजली. पावलांचा आवाज नव्हता. कोणी पानांना हाताने बाजूला करत यावं, तसा आवाज जवळ आला आणि फटीच्या पलीकडं, कुंपणाच्या आडोशाला, थांबला.

"ये," रुख्मा म्हणाली.

गोवर्धन काही भासरा नव्हता. त्याच्यावर कोणतीही रीत नव्हती. त्याने आजवर कोणासमोर मान खाली घातली नव्हती, आणि आता तर त्याला पाहायचंच होतं. ह्या घरातला पाहणारा पहिला माणूस. त्याने डोळे फटीवर रोखले.

फटीच्या खुंटावर एक हात आला. आधी बोटं. ती बांबू चाचपत होती, ज्याने ही बाजू कधी पाहिलीच नाही अशासारखी. मग तळवा थोडा वळला. त्यावर वाकचे काप होते. ह्या वर्षीचे लाल, त्यांच्याखाली भरलेले, त्यांच्याखाली आणखी जुने, एकावर एक, इतके की मूळची कातडी कुठं उरली नव्हती. तो हात बाईचा नव्हता, बाप्याचाही नव्हता. तो फक्त राबलेला होता. त्याच्यामागे, सिंदीच्या पानांआड, उंची सुरू होत होती.

रुख्माने डोईवरचा पदर खाली घेतला. ह्या अंगणात तिच्या उघड्या केसांवर पहिल्यांदाच ऊन पडलं असेल.

"पाठ फिरव, बापू," ती अगदी हळू म्हणाली. "लाजते ते."

आणि गोवर्धनने पाठ फिरवली.

त्याच्यासमोर अंगण होतं, बंद दार होतं, भिंतीकडं तोंड केलेला मोठा बाप होता. त्याच्याजवळून कोणी गेलं असं त्याला वाटलं नाही. वाऱ्याची झुळूक नाही, पाचोळा नाही. जाणवलं ते एवढंच, की आता सांदवाडीत कोणी नाही. मागं झाप ओढल्याचा आवाज आला आणि रुख्माने त्याला आतल्या गाठींसारखीच, टोक खोचून, गाठ मारली.

७

"काय गा गोवर्धन, काकूले साहेबीण करतं काय गोंदियात?" टिकारामने बैल हाकले. तो बोलका माणूस होता, वाटेत त्याला कोणी उत्तर दिलं नाही तरी चालत असे. गोवर्धन त्याच्या शेजारी पुढं बसला होता. रुख्मा मागं. बंडीच्या अगदी कडेला, एका अंगाच्या लाकडाला टेकून, पाय आवरून.

"काकू, मधात बसा ना," टिकाराम म्हणाला. "एका कडेले बसाल तं बंडी कलल."

"राहू दे, भाऊ. बरी हाये मी."

टिकाराम कुरकुरला. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या होत्या, धसकटांतून लाखोरी हिरवी वर आली होती. चाकोरीच्या खोल जागी त्याने बंडी थांबवली, उतरला, दोन्ही चाकांकडं वाकून पाहिलं. मग पुन्हा वर चढून बसला.

"आयला," तो म्हणाला. "काहीच नाई कललं. दोनी चाकं सारखेच दबून राहिले."  मग त्याने बैलांना उगाच एक शिवी दिली आणि पुढं बोलला नाही.

गोवर्धनला मागं वळून पाहता आलं असतं. मान तेवढी फिरवायची होती. त्याने मोठ्या बापाचा विचार केला, त्या भिंतीकडं केलेल्या तोंडाचा. एवढी वर्षं त्याला वाटत आलं होतं की म्हातारे पाहत नाहीत ते भ्याड असतात म्हणून, किंवा कोडगे. असतीलही. पण आई मागं होती. ती घराबाहेर पडली होती, तिच्या डोक्यावर पदर नव्हता, आणि मधूनच ती काहीतरी गुणगुणत होती. लहानपणी त्याने तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. वळून पाहिलं आणि ते गुणगुणणं थांबलं तर? त्याने बैलांच्या शिंगांमधून दिसणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवली. पाहिलं नाही, विचारलं नाही.

छोट्या गाडीच्या टेसनावर टिकाराम त्यांना उतरवून लगेच परतला. पाणीसुद्धा प्यायला नाही. गाडीचा धूर लांब, जंगलाच्या कडेला दिसू लागला होता. आई बाकावर बसली होती. बाकाच्या टोकाला.

खिडकीतला तिकीटबाबू घाईत होता. "गोंदिया? कितने?"

गोवर्धनने तोंड उघडलं. खिडकीच्या लोखंडी गजांना त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, कापलेले तळवे झोंबत होते. बाबू पुन्हा म्हणाला, "अरे भाई, कितने?"

मागं न पाहता गोवर्धन म्हणाला, "तीन."